मॅटच्या कडेला कोणी नव्हतं

२३ जुलै १९५२. फिनलंडची राजधानी हेलसिंकी. मेसुहल्ली नावाच्या प्रदर्शन-सभागृहात ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांचा शेवटचा दिवस. ५७ किलो वजनगटात पदकाच्या झुंजीत तीन मल्ल उरले होते. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव आणि कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव. दम काढणारी एक लांबलचक कुस्ती संपवून खाशाबा मॅटवरून उतरले आणि छातीचा भाता शांत व्हायच्या आतच मम्मदबेयोवशी लढण्यासाठी त्यांच्या नावाचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या मधे किमान अर्धा तास विसावा मिळायला हवा, असा नियम होता. पण नियम काही आपणहून उठून पंचांपाशी जात नाही, तो मांडायला माणूस लागतो. भारतीय पथकाबरोबर गेलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकही जण त्या घडीला मॅटजवळ नव्हता. खाशाबा तसेच उतरले, हरले, आणि गटात तिसरे आले.

स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. हे वाक्य आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या न मिळालेल्या अर्ध्या तासाची गोष्ट मात्र त्या वाक्याबाहेरच राहते.

जत्रेतला कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिलाय त्यांना या प्रसंगातलं नेमकं काय खटकतं ते लगेच कळेल. आपल्याकडे पैलवान हौद्यात एकटा कधी उतरतच नाही. त्याचा वस्ताद कडेला उभा असतो, तालमीतली पोरं असतात, गावचे चार जाणते असतात. जोड लावण्यावरून वाद झाला, पंचाने घाई केली, समोरच्याने तेल लावलेलं अंग पुसलं नाही, तर पैलवानाला तोंड उघडावं लागत नाही. त्याच्या वतीने दहा तोंडं उघडतात. आणि निकाल तर कुणालाही दिसतो. पाठ मातीला लागली की संपलं, तिथे पुस्तक उघडायचं कारण नाही. हजारो डोळे साक्षीला असतात.

मॅटवरची कुस्ती वेगळी. ती अर्धी अंगाने खेळायची, अर्धी कागदावर. त्या काळी फ्रीस्टाइलमध्ये उलट्या गुणांचा हिशेब असे. चीतपट जिंकलात तर शून्य, नुसतं गुणांवर जिंकलात तरी एक गुण अंगावर, हरलात तर दोन किंवा तीन. असे पाच जमले की तुम्ही बाहेर. कुणाचे किती झाले, पुढची जोड कुणाशी, मधे किती वेळ, तक्रार कुणाकडे आणि कधीपर्यंत करायची, हा सगळा मामला कागद वाचणाऱ्या माणसाचा. लढणाऱ्याने लढायचं की हिशेब ठेवायचा? म्हणून तर संघाबरोबर व्यवस्थापक पाठवतात. हेलसिंकीत मातीतला माणूस कागदाच्या राज्यात गेला होता आणि त्याचा कागद सांभाळणारा जागेवर नव्हता.

खाशाबांना हे राज्य अगदीच अनोळखी होतं असंही नाही. १५ जानेवारी १९२६ चा त्यांचा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरातच आखाडा. कराडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. उंची जेमतेम ५ फूट ५ इंच. अंगाने आडदांड नव्हते, पण चपळ होते आणि ढाक मारण्यात पटाईत. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला उलथवायची ती मूळ मातीतली कला त्यांनी मॅटवर नेली. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅटची सवय अशी नव्हतीच. तिथे अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना थोडंफार शिकवलं. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीकडून हार पत्करली आणि फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर चार वर्षं ते झपाटल्यासारखे मेहनत करत राहिले.

लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५२ च्या साऱ्या कटकटीचं मूळ मला या तारखेत दिसतं. कुस्तीला राजाश्रय होता तोवर पैलवानाला कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक होतं. दरबार गेला आणि त्याच्या जागी सरकार आलं, पण खेळाडूला परदेशी पाठवणं हे आपलं काम आहे, हे सरकारला अजून उमगलेलं नव्हतं. जुनी ओसरी मोडली होती आणि नवीन घराला दार बसवलेलं नव्हतं.

आधी निवडीचंच त्रांगडं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास या मल्लाविरुद्ध पंचांनी आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. ती त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली. यादवींद्रसिंग हे तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील भूपिंदरसिंग अध्यक्ष होते आणि त्यांच्याही आधी सर दोराबजी टाटा. १९२० साली अँटवर्पला हिंदुस्थानचं पथक गेलं ते दोराबजींच्या पुढाकाराने आणि बऱ्याच अंशी त्यांच्याच पदरमोडीने. बेळगावचा फडेप्पा चौगुले त्या पथकात होता आणि मॅरेथॉनमध्ये तो १९ वा आला. सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडे क्रीडासंघटनेचा जन्मच मुळी मोठ्या माणसांच्या औदार्यातून झाला. औदार्याला दाद मागता येते, जाब विचारता येत नाही. पतियाळाच्या महाराजांनी खाशाबांचं ऐकलं, पुन्हा लढत लावली आणि खाशाबांनी दासला चीतपट केलं. न्याय मिळाला खरा. पण तो महाराजांना कुस्तीची आवड होती म्हणून मिळाला. तक्रार कुठे करायची याची एखादी खिडकी असती, तर महाराजांच्या आवडीवर भिस्त ठेवायची वेळ आली नसती.

निवड झाली, आता पैसे. मुंबई सरकारकडे मदत मागितली तेव्हा स्पर्धा झाल्यावर भेटा अशा अर्थाचं उत्तर आलं, असं जाधव कुटुंबीय सांगत आले आहेत. स्पर्धेला जायला पैसे हवेत आणि ते स्पर्धेहून आल्यावर मिळणार! मग राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव आहे तेच हे खर्डेकर. बाकीची तजवीज गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी केली. कुणी रोख दिले, दुकानदारांनी वाण-सामान दिलं. पैलवानाचा खुराक म्हणजे साधी गोष्ट नव्हे, आणि दूरदेशी तो मिळेल न मिळेल याची गावाला काळजी होती.

त्याच पथकातल्या वांद्र्याच्या धावपटू मेरी डिसूझा यांच्या वाटखर्चासाठीही स्नेह्यासोबत्यांनाच वर्गणी जमवावी लागली. नीलिमा घोष आणि त्या, अशा दोघी हेलसिंकीत धावल्या. स्वतंत्र भारताकडून ऑलिम्पिकला गेलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी या दोघी. फुटबॉल संघातले बरेचसे खेळाडू थंडीत अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून १-१० असे हरले. एकंदर पथकाचा थाट असा होता.

खाशाबांनी मात्र सुरुवात दणक्यात केली. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ, असे तिघे ओळीने गेले. पुढे उरले इशी आणि मम्मदबेयोव. इशी मूळचा जुदोवाला. महायुद्धानंतर जपानात जुदोवर निर्बंध आले म्हणून तो कुस्तीकडे वळलेला. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानला मिळालेलं एकुलतं एक सुवर्णपदक त्याचंच. अशा मल्लाशी आणि लगोलग सोव्हिएत मल्लाशी झुंजायचं, आणि मधे दम घ्यायला वेळ नाही.

अर्धा तास मिळाला असता तर खाशाबा जिंकले असते का? हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मम्मदबेयोव कच्चा गडी नव्हता, त्याला रौप्य मिळालं. विसावा घेऊनही खाशाबा हरू शकले असते. पण पैलवान हरतो तेव्हा ती हार त्याची स्वतःची असावी लागते. आपण कमी पडलो हे कबूल करण्यातही एक समाधान असतं. खाशाबांच्या वाट्याला ते समाधानही आलं नाही. ‘कोणी असतं तर’ हा काटा उरला तो उरलाच.

आणि हे बघा, इथे कुणी दुष्टावा केला असं म्हणण्यासारखं काही नाही. कुणी कारस्थान रचलं नाही, कुणी पाय ओढला नाही. माणूस फक्त जागेवर नव्हता. हेळसांडीचा हाच तर गुण आहे. तिचा पुरावा राहत नाही. निकालाच्या तक्त्यात प्रतिस्पर्ध्याचं नाव येतं, गुण येतात, वेळ येते. ‘मॅटच्या कडेला कोणी नव्हतं’ यासाठी त्यात रकाना नसतो. ते फक्त ज्याने मागे वळून पाहिलं त्यालाच ठाऊक असतं. त्याने बोलून दाखवलं तर लोक म्हणणार, हरल्यावर सबबी सांगतोय.

दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलंड्सला ६-१ असं हरवलं. एकट्या बलबीरसिंग यांनी पाच गोल केले. मथळे हॉकीचे झाले, आणि ते स्वाभाविकही होतं. कुस्तीत मिळालेलं कांस्य, आणि फेदरवेट गटात चौथे आलेले कोल्हापूरकडचेच केशव माणगावे, हे त्या जल्लोषात एका बाजूला पडले. माणगाव्यांचं नाव आज कोल्हापुरातही किती जणांना आठवतं कोण जाणे!

कराडकर मात्र विसरले नव्हते. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्या सजवून लोक स्वागताला आले. स्टेशनापासून गोळेश्वरच्या महादेवाच्या देवळापर्यंतची थोडक्या वेळाची वाट, ती मिरवणुकीला सात तास पुरली. ढोल, ताशे, लेझीम, फटाके. जे हेलसिंकीत मॅटच्या कडेला नव्हते त्यांची जागा जणू सगळ्या पंचक्रोशीने भरून काढली. पण खाशाबांच्या डोक्यात दुसराच हिशेब होता. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. ऑलिम्पिकचं पदक घेऊन आलेल्या माणसाला आधी गहाणवट फेडावी लागली, ही गोष्ट मला त्या बैलगाड्यांपेक्षाही जास्त काही सांगते.

१९५५ साली ते पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून भरती झाले. पुढची सत्तावीस वर्षं खात्यात गेली, पोलिसांच्या खेळांत त्यांनी नाव मिळवलं आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. कुस्ती महासंघाला या माणसाचा काही उपयोग करून घ्यावासा वाटला नाही. मॅट आणि माती या दोन्हींतलं अंतर ज्याने स्वतःच्या अंगावर मोजलं होतं, त्याला पोरांना शिकवायला कुणी बोलावलं नाही.

१४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. त्याच्या सहाच दिवस आधी, ८ ऑगस्टला, लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली होती. तिची वेळ ५५.४२ सेकंद, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या क्रिस्तिएना कोयोकारूची ५५.४१. एक शतांश सेकंद! पुढे बऱ्याच वर्षांनी उषाने सांगितलं की क्रीडाग्रामात अमेरिकी जेवणाशिवाय काही मिळत नव्हतं, ते घशाखाली उतरेना, आणि तिने दिवस काढले ते भाताची पेज आणि लोणचं यांवर. तिथे काय खायला मिळेल हे आधी कुणी विचारून ठेवलं नव्हतं. शेवटच्या टप्प्यात अंगात बळ उरलं नाही ते त्यामुळे, असं तिचं म्हणणं. १९५२ साली खुराकाची चिंता गोळेश्वरच्या दुकानदारांनी केली होती. १९८४ साली तेवढीही कुणी केली नाही, असाच याचा अर्थ झाला.

रिओचं प्रकरण अलीकडचं, तेही योगायोगाने १४ ऑगस्टचंच, २०१६ सालचं. महिलांच्या मॅरेथॉनमध्ये ओ. पी. जैशा २ तास ४७ मिनिटं १९ सेकंदांत ८९ वी आली आणि रेषा ओलांडताच कोसळली. वर्षभरापूर्वी बीजिंगला तिने २ तास ३४ मिनिटं ४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, म्हणजे तब्बल साडेबारा मिनिटांचा फरक. परत आल्यावर ती म्हणाली की वाटेवर ठरावीक अंतराने देशोदेशींची टेबलं होती, त्यांवर त्यांच्या धावपटूंसाठी पाणी आणि पेयं ठेवलेली होती. भारताच्या टेबलावर नाव होतं, झेंडा होता, बाकी काही नाही. अॅथलेटिक्स महासंघाने हे फेटाळलं. आदल्या दिवशी तिला आणि तिच्या प्रशिक्षकाला विचारलं होतं, त्यांनी वेगळं काही नको म्हटलं, अशी महासंघाची बाजू. मला कुणी विचारलंच नाही, असं जैशाचं उत्तर. त्याच शर्यतीत आपली नाशिककडची कविता राऊत, सावरपाडा एक्स्प्रेस, १२० वी आली होती. तिची तक्रार नव्हती. आपल्याला विचारलं होतं आणि गरज नसल्याचं आपणच सांगितलं, असं ती म्हणाली. क्रीडा मंत्रालयाने चौकशी समिती नेमली, आणि मग जे होतं तेच झालं. कोण खरं, कोण खोटं, यातच चर्चा आटली.

मला कविता खोटी वाटत नाही आणि जैशाही. ४२ किलोमीटरच्या वाटेवर ऊन वाढल्यावर माणसाला आदल्या संध्याकाळी नको असलेलं पाणी हवंसं होऊ शकतं. नको म्हटलेल्या खेळाडूसाठीही एक बाटली घेऊन टेबलापाशी उभा राहतो, तो व्यवस्थापक. आईला विचारा, डबा नको म्हणणाऱ्या पोराच्या दप्तरात ती काय करते.

कुस्तीपुरतं म्हणाल तर नियमांनीच आता कडेला जागा आखून दिली आहे. मॅटच्या कोपऱ्यात प्रशिक्षकाची खुर्ची असते. पंचाचा निर्णय पटला नाही तर तो स्पंजचा ठोकळा मॅटवर टाकतो आणि चित्रफीत पुन्हा पाहिली जाते. वस्तादाला अखेर कागदावर जागा मिळाली. २००८ साली बीजिंगमध्ये सुशीलकुमारने कांस्य मिळवलं तेव्हा कुस्तीत भारताला पदक मिळून ५६ वर्षं झाली होती.

मरणोत्तर मान खाशाबांना पुष्कळ मिळाले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार, मग अर्जुन पुरस्कार, दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव. २००९ मध्ये गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा झाली, काही वर्षांनी सुमारे दीड कोटी रुपये मंजूरही झाले. २०१७ पर्यंत संकुल काही उभं राहिलं नाही. त्या वर्षी जुलैत खाशाबांच्या मुलाने जाहीर केलं की सरकारला जमत नसेल तर आम्ही हेलसिंकीचं पदक लिलावात काढतो आणि त्या पैशातून पोरांसाठी तालीम बांधतो. घरावर ‘ऑलिम्पिक निवास’ अशी पाटी आहे, आणि त्याच घरातलं पदक पुन्हा एकदा पैशाच्या तजविजीसाठी बाहेर काढायची भाषा झाली होती.